निल रिटर्नवाल्यांचं घर

लोणावळ्यात गेली बावीस वर्षं मी लोकांची आयकराची रिटर्न भरून देतो. बाजारातली चिक्कीची दुकानं, दोन-चार हॉटेलं, निवृत्त शिक्षक, आणि मुंबई-पुण्यात राहून इथे बंगला राखणारी मंडळी, असा माझ्या गिऱ्हाइकांचा गोतावळा आहे. जुलै महिन्यात बाहेर पावसाचा आणि आत फायलींचा मारा सारखाच असतो. त्यातल्या दोन फायली योगायोगाने टेबलावर शेजारी आल्या. तपशील थोडे बदलून, नावं न घेता त्या दोन्ही इथे मांडतो.

पहिली फाइल एका सज्जन गिऱ्हाइकाची. त्यांनी मुंबईतला जुना फ्लॅट विकला. दीर्घ मुदतीचा भांडवली नफा झाला एक कोटी साठ लाख. त्यातले पंचाण्णव लाख घालून पुण्यात बाणेरला राहायला घर घेतलं आणि उरलेल्या पासष्ट लाखांत तुंगार्लीला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, शनिवार-रविवारसाठी. त्यांना भांडवली नफ्यावर एक पैसा कर लागला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम अर्थसंकल्पाने कलम ५४ मध्ये अशी सोय केली, की नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा एका घराच्या पैशातून दोन घरं घेता येतात आणि दोन्ही करमुक्त धरली जातात. तुंगार्लीचं घर घेतलं नसतं, तर त्या पासष्ट लाखांवर साडेबारा टक्क्यांनी ८ लाख साडेबारा हजार कर भरावा लागला असता. अधिभार आणि उपकर वेगळे. सगळं काम कायदेशीर होतं, मीच केलं आणि फीही घेतली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरी फाइल तुंगार्लीच्याच एका बंगल्यावरच्या माळ्याची. माणूस धाराशिवकडचा. अकरा वर्षं बंगल्याच्या मागच्या आउटहाउसमध्ये, दहा बाय बाराच्या खोलीत, बायको आणि दोन मुलांसह राहिला. त्याची बायको आसपासच्या तीन बंगल्यांत धुणीभांडी करते, दोघांची मिळून कमाई अठरा हजारांच्या आसपास. अशा माणसाची फाइल माझ्याकडे कशी, असं कुणीही विचारेल. तर कामशेतला वन रूम किचन घ्यावं असं त्याच्या डोक्यात होतं, आणि कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची रिटर्न मागितली. म्हणून त्याने निल रिटर्न भरायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी पावती घेताना त्याने विचारलं, "साहेब, घर घेणाराला सरकार टॅक्समध्ये सूट देतं म्हणतात. आम्हाला किती बसंल?"

मी म्हटलं, "शून्य. तुम्हाला टॅक्सच नाही, तर सूट कशातून देणार?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "म्हंजे आम्ही गरीब हाय म्हणून सूट नाय."

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी बंगला विकला गेला. नव्या मालकाला माणसं एजन्सीमार्फतच ठेवायची होती. डिसेंबरअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. नोकरी गेली तशी खोली गेली, कारण ती खोली नोकरीचाच भाग होती. मुलं नगरपरिषदेच्या शाळेत, वर्ष अर्ध्यात. त्यांनी भाड्याने खोली शोधली तेव्हा गावात मिळेना आणि मिळाली ती परवडेना. शेवटी कामशेतला एका चाळीत बिऱ्हाड हलवलं. आता नवरा-बायको दोघंही लोकलने कामाला लोणावळ्याला येतात. दुपारी लोकलचा मोठा खंड पडतो. रात्री पाहुण्यांचं जेवण आटपून निघायला उशीर झाला तर गाडी चुकते. आणि सुट्टीच्या दिवशी, जेव्हा काम सगळ्यात जास्त असतं, तेव्हा हायवेवर टमटमही पुढे सरकत नाही.

२०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५८ हजारांच्या आत होती. हे गाव दर शनिवारी किती फुगतं ते इथे येऊन बघावं. ते फुगलेलं गाव चालवणारे माळी, वॉचमन, स्वयंपाकी, हॉटेलातले वेटर, चिक्कीच्या कारखान्यातल्या बायका आणि ड्रायव्हर राहतात कुठे? काही आउटहाउसात, म्हणजे मालकाच्या मर्जीवर. काही टेकड्यांच्या उतारावर पत्र्याच्या खोल्यांत. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि शेजारच्या भाज्यात १९८९ च्या जुलैत दरड कोसळून माणसं गाडली गेली, हे इथला कुणी विसरलेला नाही. उरलेले मळवली, कामशेत, वडगावकडून ये-जा करतात. तिथेही आता खोल्यांना मागणी वाढली आहे, कारण तळेगाव आणि टाकव्याच्या कारखान्यांतली कंत्राटी मुलं त्याच खोल्या शोधत असतात. एका खोलीत सहा-सहा जण राहतात.

घरं बांधली जात नाहीत असं मुळीच नाही. वलवणपासून कुसगावपर्यंत आणि पवनेच्या काठाने कुठेही नजर टाका, क्रेन दिसेल. प्रश्न आहे तो कर सोडून सरकार कुठली घरं उभी करतं याचा. आपल्याकडे 'परवडणाऱ्या घरांना' करसवलती नव्हत्या असा एक समज आहे. तो चूक आहे. भरपूर सवलती होत्या, पण माळ्याच्या दारापर्यंत एकही पोचली नाही. का नाही पोचली, ते थोडं विस्ताराने सांगतो. मी जुन्या १९६१ च्या कायद्यातल्या कलमांच्या आकड्यांनी बोलणार आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला, आकडे बदलले, पण आमच्या धंद्यात तोंडात जुनेच बसलेत.

१९९९ च्या वित्त कायद्याने कलम ८०-आयबी(१०) आलं. बिल्डरच्या नफ्याला शंभर टक्के माफी. अट काय, तर मुंबई-दिल्ली आणि त्यांच्याभोवतीच्या पंचवीस किलोमीटरमध्ये फ्लॅट एक हजार चौरस फुटांच्या आत असावा, इतरत्र दीड हजारांच्या आत. लोणावळा 'इतरत्र' मध्ये. म्हणजे दीड हजार चौरस फुटांचा वीकेंड फ्लॅट बांधणाराही देशाची घरटंचाई दूर करतोय असं कायदा मानत होता. ही माफी मार्च २००८ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांना मिळाली. मग २०१६ मध्ये कलम ८०-आयबीए आलं. पुन्हा नफ्याला शंभर टक्के माफी, या वेळी चार महानगरांबाहेर साठ चौरस मीटरची मर्यादा. किमतीला सुरुवातीला मर्यादाच नव्हती. २०१९ मध्ये ४५ लाखांची घातली, पण त्याच वेळी क्षेत्रफळ साठवरून नव्वद चौरस मीटर केलं. जीएसटीतही तीच व्याख्या घेतली. नव्वद मीटर आणि ४५ लाखांच्या आतलं घर असेल तर १ टक्का, नाही तर ५.

ही व्याख्या लोणावळ्यात लावून बघा. बेचाळीस लाखांचा, व्हॅलीकडे तोंड असलेला वन बीएचके, मालक अंधेरीला राहतो, पडदे महिन्यातून दोनदा उघडतात. कायद्याच्या भाषेत हे परवडणारं घर आहे आणि त्यावर जीएसटी १ टक्का. घेणाऱ्याला दुसरं घर आहे का, हे कुणीही विचारत नाही. ८०-आयबीएत एवढंच होतं, की एकाच प्रकल्पात एका माणसाला, त्याच्या बायकोला किंवा अज्ञान मुलाला दुसरा फ्लॅट देऊ नये. शेजारच्या प्रकल्पात घ्यायला हरकत नव्हती. आता गंमत बघा. पंतप्रधान आवास योजनेत अर्जदाराच्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नसावं अशी अट आहे. म्हणजे हा प्रश्न सरकारला विचारता येतो. ज्याला गरज आहे त्याला तो विचारला जातो, आणि ज्याला करसवलत द्यायची त्याला विचारला जात नाही.

घर घेणाऱ्यासाठी ८०-ईईए होतं: ४५ लाखांपर्यंतच्या पहिल्या घराच्या कर्जावर दीड लाखांची जादा व्याजवजावट. ही तरी पहिल्या घरालाच होती, तिचं श्रेय द्यायला हवं. पण ती वजावट होती, आणि ज्याला करच लागत नाही त्याला वजावटीचा उपयोग नाही. माळ्याला मी जे 'शून्य' सांगितलं ते यातूनच आलेलं. आता तर नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत आयकर नाही. चांगली गोष्ट आहे, माझी काही गिऱ्हाइकं कमी झाली तरी. पण त्याचा एक अर्थ असा, की पुढे कुठलाही अर्थमंत्री 'गरिबांना घर घेण्यासाठी आयकरात सूट' असं म्हणाला, तर ती गरिबांना मिळणं हिशेबानेच अशक्य आहे.

३१ मार्च २०२२ या एकाच दिवशी ८०-आयबीए, ८०-ईईए आणि अल्प उत्पन्न गटांची व्याजअनुदान योजना या तिन्हींची मुदत संपली. व्याजअनुदान २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परत आलं, पण ते कर्ज मिळणाऱ्यालाच. उरलेली दोन गेली ती गेलीच. दर जानेवारीत बिल्डरांच्या संघटना ८०-आयबीए परत आणा म्हणतात. मी म्हणतो, तसंच्या तसं आणू नका.

माझा मुद्दा भाड्याच्या घरांचा आहे. माळ्याला आज कामशेतचा फ्लॅट विकत घेता येणार नाही. बँकेला त्याच्या पगाराची स्लिप हवी आणि बंगल्यावर स्लिप मिळत नाही. त्याला नोकरीशी न बांधलेली, भाडं झेपेल अशी, पाच-दहा वर्षं कुणी उठवणार नाही अशी खोली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत खंडाळ्याच्या घाटातून डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसं आम्ही पाहिली. त्यांच्यामुळेच दिल्लीला भाड्याच्या घरांची आठवण झाली, हे कुणी मान्य करो वा न करो. त्या जुलैत परवडणाऱ्या भाडेसंकुलांची योजना आली, पंचवीस वर्षं भाड्यानेच द्यायची अशी अट घालून. २०२१ च्या वित्त कायद्याने अशा अधिसूचित भाडेप्रकल्पांनाही ८०-आयबीएची माफी लागू केली. कागदावर उत्तम. आता त्या माफीची किंमत काढू.

समजा, नगरपरिषदेने आरक्षणातली जागा नाममात्र भाड्याने दिली. तीस चौरस मीटरचं घर बांधायला बारा लाख लागले. नऊ टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला एक लाख आठ हजार, महिन्याला नऊ हजार. मुद्दल, गळती, पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा हे अजून धरलेलं नाही. अठरा हजार कमावणाऱ्या घराकडून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाडं मागू नये. म्हणजे सहा हजार. दर महिन्याला तीन हजारांचा खड्डा. आणि सरकार म्हणतं, तुमच्या नफ्यावर शंभर टक्के करमाफी! नफा आहेच कुठे? गरिबाला झेपेल अशा भाड्यात नफा नसतोच. नफा झाला तर समजावं की भाडं त्याला झेपणारं नाही. त्यामुळे ही माफी ज्याला खरं काम करायचंय त्याला कोरडी, आणि ज्याने 'परवडणारं' या शब्दाआड महाग घरं विकली त्याला तुपात बुडवलेली. शिवाय २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांना २२ टक्क्यांचा सवलतीचा दर मिळाला. तो घेणाऱ्याला ८०-आयबीए मिळत नव्हतं. म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी हे दार सरकारनेच दुसऱ्या हाताने लावून घेतलेलं.

इथे वजावट आणि क्रेडिट यांतला फरक समजून घ्यावा लागतो. वजावट उत्पन्नातून किंवा नफ्यातून जाते. टॅक्स क्रेडिट थेट भरायच्या करातून जातं. जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदारालाही क्रेडिट म्हणजे काय ते पाठ आहे. मला हवं आहे ते भाड्याच्या घरांसाठीचं क्रेडिट. बांधकाम खर्चाच्या सहा टक्के रक्कम दरवर्षी, दहा वर्षं, गुंतवणूकदाराच्या आयकरातून वळती व्हावी, त्याचा कर त्या घरातून आलेला असो किंवा गाड्या विकून. आपल्या उदाहरणात वर्षाला ७२ हजार. त्यातून व्याजाचा खड्डा भरतो, उरलेले मुद्दलात जातात. देखभालीचा खर्च बाजूला ठेवला तर दहा वर्षांनी बारा लाखांचं कर्ज साडेसहा लाखांच्या आसपास येतं, आणि मग सहा हजार भाड्यातूनच त्याचं व्याज भागतं. हिशेब ढोबळ आहे, टक्केवारी वित्त मंत्रालयातल्या हुशार लोकांनी बसवावी.

सरकारला एका घरामागे हे पडलं दहा वर्षांत सात लाख वीस हजारांना. पहिल्या फाइलीतल्या तुंगार्लीच्या शनिवार-रविवारच्या घरासाठी सरकारने सोडलेल्या करापेक्षा ९२ हजार ५०० रुपयांनी कमी. त्या घरासाठी तर सगळी रक्कम एकाच वर्षात सोडली, बदल्यात काहीही न मागता.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणा कायद्यात, रेगन यांच्या काळात, ती आली आणि १९९३ मध्ये कायम झाली. गरिबांबद्दल फार कळवळा म्हणून ख्यात असलेली ती राजवट नव्हती, हे आपल्याकडच्या बाजारवाद्यांनी ध्यानात घ्यावं. तिथे प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे क्रेडिटचा कोटा मिळतो. राज्याची गृहनिर्माण संस्था स्पर्धेने प्रकल्प निवडते. ठरावीक वाटा घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना, ठरलेल्या भाड्यात द्यावी लागतात. क्रेडिट दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतं. पंधरा वर्षांत अट मोडली तर घेतलेलं परत करावं लागतं, आणि १९९० पासूनच्या प्रकल्पांवर भाड्याचं बंधन किमान तीस वर्षांचं आहे. बिल्डरला स्वतःला एवढा कर नसतो, म्हणून बँका आणि कंपन्या पैसे घालून क्रेडिट घेतात. आजवर तीस लाखांहून जास्त घरं या रस्त्याने उभी राहिली. दोषही आहेत. मधले दलाल आणि वकील आपला वाटा काढतात, पंधरा वर्षांनंतर काही मालक पळवाटेने घरं बाजारभावात नेतात, आणि अगदी तळातल्या कुटुंबांना वेगळी भाडेमदत दिल्याशिवाय तीही घरं महागच पडतात. हे दोष माहीत आहेत, म्हणून आपल्याला ते आधीच बंद करता येतील.

"आपल्याकडे बिल्डर खाऊन टाकतील" हा आक्षेप मला रोज ऐकू येतो. तो ऐकून मला कोन आठवतं. आमच्याच मावळ लोकसभा मतदारसंघात पनवेलजवळ. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली: एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या, अगदी कमी भाडं, बदल्यात बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र. इमारती उभ्या राहिल्या. पण भाडेकरू ठेवायची, इमारत चालवायची यंत्रणा आणि त्यासाठीचा पैसा कुणी ठरवलाच नव्हता. पुढे धोरण फिरलं, खोल्या पडून राहिल्या, आणि २०१६ मध्ये कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली. गिरणी कामगारांचा हक्क निर्विवादच आहे. पण त्यांनाही चाव्या मिळायला वर्षानुवर्षं लागली. मधे कोविड आला, त्याच इमारती विलगीकरणाला वापरल्या गेल्या आणि नंतर दुरुस्ती निघाली. भाड्याचं घर म्हणून जे बांधलं त्यातलं भाड्याचं असं काही उरलं नाही.

कोनमध्ये बिल्डरला बक्षीस आधी मिळालं, एकरकमी. चटईक्षेत्र एकदा विकलं की परत कोण घेणार? नफ्याच्या माफीचंही तेच, घर विकलं की संबंध संपला. क्रेडिट मात्र दरवर्षी मिळवावं लागतं. ज्या वर्षी खोली ठरल्या भाड्याने पात्र कुटुंबाकडे नाही, त्या वर्षीचं क्रेडिट नाही. आणि अट मोडली तर मागचंही व्याजासह वसूल. आयकर खात्याला दुसरं काही जमो न जमो, मागचं व्याजासह वसूल करणं जमतं, हे बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

मावळात एक आक्षेप वेगळा येतो, आणि तो शहरातल्या तज्ज्ञांना कळत नाही. "बाहेरच्यांसाठी घरं कशाला? आधी आमचं बघा." ज्यांच्या जमिनी पवना धरणात गेल्या त्यांचं पुनर्वसन अजून रखडलेलं आहे. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले. एक्स्प्रेसवेला जमिनी गेल्या, उरल्या त्या फार्महाउसवाल्यांनी घेतल्या. या तालुक्याने इतकं दिलंय की इथल्या माणसाने संशय घेतला तर तो चूक नाही. पण जमीन विकून आलेले पैसे गाडी, लग्न आणि बंगला यांत संपवलेल्या घरातला मुलगा आज एमआयडीसीत कंत्राटावर आहे आणि वडगावला भाड्याने राहतोय, हे मी त्यांच्याच कागदांत बघतो. कातकरी वस्त्या तर स्वतःच्या तालुक्यात दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. उत्पन्नाची अट लावलेल्या भाड्याच्या घरासाठी रांग लागली, तर तिच्यात अर्धी माणसं इथलीच असतील असा माझा अंदाज आहे. तालुक्यात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या कुटुंबांना आधी, अशी अट घाला, माझी हरकत नाही.

आता ज्यांच्याकडे मागायचं त्यांच्याकडे वळतो. आमचे खासदार श्रीरंग बारणे २०१४ पासून लोकसभेत आहेत, आणि सत्तेच्या बाजूला आहेत. त्यांच्या मतदारसंघात पिंपरी, चिंचवड, मावळ, कर्जत, उरण, पनवेल असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात, म्हणजे कारखाना, बंदर आणि बंगला या तिन्हींचा मजूर त्यांचा मतदार आहे. भाड्याच्या घरांची एवढी गरज असलेले मतदारसंघ महाराष्ट्रात फार नसतील. खासदारसाहेब, खाजगी विधेयक आणू नका. १९७० नंतर एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही, शुक्रवारची दुपार फुकट जाईल. वित्त विधेयकात कलम घालून घ्या. त्यासाठी जानेवारीत नव्हे, दिवाळीआधी अर्थमंत्र्यांकडे जा, पुण्या-मुंबईचे इतर खासदार बरोबर घ्या, पक्ष बघू नका.

कलमात चार गोष्टी पाहिजेत. कुटुंबाचं उत्पन्न आवास योजनेच्याच मर्यादेत, म्हणजे तीन आणि सहा लाखांच्या गटांतलं. भाडं उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि बंधन पंचवीस वर्षांचं. क्रेडिट वर्षागणिक आणि परतवसुलीसह. आणि २२ टक्क्यांचा दर घेतलेल्या कंपन्यांनाही ते मिळावं, नाही तर पैसा येणारच नाही. तळेगावात जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतला. अशा कंपन्यांनी आपल्याच कंत्राटी कामगारांच्या घरांत पैसा घालावा आणि करातून वळता करून घ्यावा, यात दान-धर्म नाही, साधा व्यवहार आहे.

"महसूल बुडेल" असं वित्त मंत्रालयातून उत्तर येईल. तेव्हा कलम ५४ मधलं दुसरं घर बंद करा. २०१९ पासून दुसऱ्या घरावरचं काल्पनिक भाडंही शून्य धरतात, तेही परत आणा. आणि १ टक्का जीएसटी फक्त पहिल्या घराला ठेवा. माझ्या पहिल्या फाइलीतले सज्जन नाराज होतील, कदाचित फाइल दुसरीकडे नेतील. पण त्यांनी लोणावळ्यात घर घेऊ नये असं मी म्हणत नाही. त्यांनी ते स्वतःच्या पैशाने घ्यावं, एवढंच.

मुंबईतल्या विधिमंडळाचंही काम आहे. राज्याने २० मे २०२५ ला नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, पस्तीस लाख घरांचं लक्ष्य ठेवलं, त्यात भाड्याच्या घरांचा उल्लेखही आहे. उल्लेखाने भिंत उभी राहत नाही. आमदार सुनील शेळके यांनी एवढंच करावं: नगरपरिषदेच्या आणि पीएमआरडीएच्या आराखड्यांत लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव स्टेशनांपासून चालत जाता येईल अशा जागा भाड्याच्या घरांसाठी राखून घ्याव्यात, आणि म्हाडाच्या पुणे मंडळाकडे प्रकल्प निवडायचं काम द्यावं. जागा फुकट विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची, म्हणजे पंचवीस वर्षांनी ती गावाची गावाकडे राहील. केंद्राचं क्रेडिट येण्याची वाट बघत बसू नये. आरक्षण आज टाकलं नाही तर उद्या तिथे स्विमिंग पूल असेल.

मधल्या काळात आमच्याकडे नेहमीप्रमाणे वर्ष चाललंय. माळ्याला वलवणच्या एका सोसायटीत नवं काम लागलं, राहायची खोली नाही. मुलगी कामशेतच्या शाळेत रुळली, मुलगा अजून लोणावळ्यालाच येतो, बापाबरोबर सकाळच्या लोकलने. परवा तो माणूस ऑफिसात डोकावून गेला. बँकेला तिसऱ्या वर्षाचा कागद हवाय. ३१ जुलैच्या आत त्याचं निल रिटर्न भरायचं आहे.